तबकड्यांचा लोप (गोवा)

गोव्यातल्या घरांत आणि लाउडस्पीकरवाल्यांच्या पेट्यांत साठलेल्या 78 फेऱ्यांच्या लाखेच्या आणि त्यानंतरच्या 45 फेऱ्यांच्या व्हायनिलच्या ध्वनिमुद्रिका नाहीशा कशा झाल्या, याविषयीची ही नोंद. ‘तबकडी’ हा छापील शब्द. बोलताना माणसं रेकॉर्डच म्हणत.

उत्तर गोव्यातले पेडणे आणि डिचोली हे तालुके ‘नव्या काबिजादी’तले. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पोर्तुगीज अंमलाखाली आलेले, सावंतवाडीशी सोयरीक असलेले आणि दशावतारी, भजन व जत्रेतल्या मराठी नाटकांवर पोसलेले. त्यामुळे इथल्या फोनोवर नाट्यपदं आणि अभंग वाजत. सासष्टी-बारदेशातल्या कोकणी कांतारांचा आणि नाचगाण्यांचा बाज वेगळा. रेकॉर्डी बहुधा मुंबईहून येत, सुट्टीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेतून. गाणारी माणसं मात्र उलट दिशेने गेली. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर (1883–1974) यांच्या आडनावातलं मालपे पेडणे तालुक्यातलं. 1958 साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप त्यांना मिळाली. पण मैफलीत गाणं त्यांनी 1920च्या दशकातच थांबवलं होतं, म्हणजे मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण रुळण्याच्या सुमारास. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर या दोघांनी त्यांचं मार्गदर्शन घेतलं; अंजनीबाईंच्या गाण्याचा माग त्या दोघांच्या गाण्यात लागतो.

रेकॉर्डीचा पहिला शत्रू म्हणजे तिचं वाजणं. 78ची तबकडी शुद्ध लाखेची नसते. लाखेत दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू कालवलेले असतात. ही पूड पोलादी पिनेला घासून खाचेच्या मापाची करते. म्हणून दर बाजूला नवी पिन लावायची असा नियम. दहा इंची रेकॉर्डीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यासाठी दरवेळी नवी पिन कोण लावतो? घरोघरी तीच पिन आठवडाभर चाले आणि बोथट टोक खाच खरवडत जाई. जत्रेतल्या नि लग्नातल्या लाउडस्पीकरवाल्याकडे तर लोकप्रिय पदाची रेकॉर्ड एका हंगामात पांढरी पडे. जी सर्वांना आवडली ती आधी संपली. न आवडलेली फडताळात कोरी राहिली, म्हणून जुन्या संग्रहांवरून त्या काळची आवड ठरवताना जरा जपून. पिनांच्या चपट्या पत्र्याच्या डब्या मात्र टिकल्या, सेफ्टीपिना आणि बटणं ठेवायला.

दुसरा शत्रू पाऊस. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर मंगलोरी कौलं आणि त्याखाली माळा. लाख ओल धरते, खाचांत पांढरी बुरशी बसते, कागदी पाकीट आणि लेबल कसर खाते. डिचोलीच्या खाणपट्ट्यात रस्त्यालगतच्या घरांत तांबडी धूळ यायची ती निराळी. व्हायनिलला ओल तितकी बाधत नाही, पण पत्र्याखाली उन्हात राहिलं की ते पापडासारखं वाकडं होतं. लाखेची पडली की फुटतेच. नुसता केसाएवढा तडा गेला तरी मिनिटाला 78 वेळा टक् ऐकू येतं, आणि अशी रेकॉर्ड घरातलं कुणी तरी शेवटी मुलांना खेळायला देतं. गरम पाण्यात मऊ करून तिची कुंडी किंवा परडी करण्याची हौसही होती.

पण घरातली प्रत गेली म्हणून गाणं जात नाही. पुन्हा छापलं गेलं नाही की जातं. याचं ठळक उदाहरण मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं ‘यंग इंडिया’ लेबल. 1935 ते 1955 या वीस वर्षांत त्यावर दहा हजारांच्या आसपास गाणी निघाली. त्यांत नवोदित, बिननावाजलेल्या गायक-वादकांचा भरणा मोठा. कंपनी बंद पडली. एचएमव्हीच्या नामवंतांची गाणी पुढे एलपीवर, कॅसेटवर, सीडीवर चढत गेली. ‘यंग इंडिया’ची बहुतेक लाखेतच राहिली. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने या लेबलच्या उरलेल्या तबकड्यांचं डिजिटल रूपांतर केलं.

नामवंतांचंही सगळं सुखरूप होतं असं नाही. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर (1892–1977) ध्वनिमुद्रणाबाबत फार चोखंदळ. 1977 साली ‘व्हॉयेजर’ यानांसोबत पाठवायच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीसाठी रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने त्यांची भैरवी ‘जात कहां हो’ सुचवली, तेव्हा ती रेकॉर्ड बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. आंतरतारकीय अवकाशात गेलेलं हे गाणं त्या खोक्यावर अवलंबून होतं.

व्हायनिलचा काळ इथे उशिरा आला आणि लवकर आटोपला. मुक्तीपूर्वी, म्हणजे 1961 पर्यंत, गोव्यात वीज मोजक्या शहरांपुरती. खेड्यात चावीचा फोनो, त्याला 78चीच रेकॉर्ड लागे. देशभरच्या अशा गिऱ्हाइकांमुळे कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून बीटल्सची गाणीसुद्धा 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाखेवर छापली गेली. आज जगभरचे संग्राहक ती शोधत फिरतात. देशातल्या गिटार-ड्रमवाल्या पोरांच्या बँडांना मात्र स्वतःची रेकॉर्ड काढायची संधी विरळाच. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी इंपीरियल टोबॅको कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडांच्या 1970 आणि 1971च्या दोन एलपी हा त्यातला अपवाद. त्यावरची कित्येक नावं त्यापलीकडे कुठेच भेटत नाहीत. गोव्यातली मुलं लग्नात आणि फेस्ताला वाजवत, पैसे घेत, घरी जात. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची कोकणी गाणी एचएमव्हीवर आली आणि पुढे कॅसेटवरही चढली, म्हणून ती आजही कानावर पडतात. 1984 साली रेमो फर्नांडिस यांनी पेडण्यापासून नदीपलीकडच्या शिवोलीत, घरीच ‘गोवन क्रेझी’ मुद्रित करून स्कूटरवरून विकली तेव्हा माध्यम कॅसेटचं होतं. रेकॉर्ड कंपनीची गरज उरली नव्हती. त्याच दशकात रेकॉर्ड-प्लेअर माळ्यावर गेले आणि रेकॉर्डी भंगारवाल्याकडे, किलोच्या भावात. त्यांतल्या काही मुंबईच्या चोरबाजारात पोचल्या.

लेबल गेलेली रेकॉर्ड ओळखायचे दोन मार्ग आहेत. अगदी सुरुवातीच्या, भोंग्यात तोंड घालून गायलेल्या मुद्रणांत गायिका शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगत असे. तिथे पाच सेकंद कान द्यायचा. नंतरच्या रेकॉर्डीत ही चाल सुटली. मग तबकडी उजेडात तिरपी धरायची आणि शेवटची खाच व लेबल यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक वाचायचा. बोटाच्या टोकाला तो जाणवतो. कंपनीच्या जुन्या यादीशी तो ताडला की गाणाऱ्याचं नाव लागतं. यादीच कसरीने खाल्ली असेल तर हातात तेवढा आकडा उरतो.