लाकडी बैल आणि काळी मारबत

यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जो आरडाओरडा होतो, तो ऐकून पुण्या-मुंबईचा पाहुणा दचकून उठतो. आदल्या दिवशी दारात लावलेल्या पळसाच्या फांद्या उपटून पोरे गावशिवेकडे धावत असतात आणि खोकला, ताप, ढेकूण, मोसे, जे जे म्हणून नको, ते सारे घेऊन जा, असे मारबतीला ओरडून सांगत असतात. तीच पोरे दुपारी नवे सदरे घालून, चाके लावलेला लाकडी बैल दोरीने ओढीत घरोघर बोजारा मागायला निघतात. हा तान्हा पोळा. एकाच दिवशी एक प्रतिमा हाकलायची आणि दुसरी कुरवाळायची! मनुष्याच्या मनावर आकृतीचा किती अंमल चालतो, हे पाहायला याहून चांगला दिवस सापडणार नाही.

या दोन्ही आकृतींचे धागे नागपूरच्या भोसल्यांच्या वाड्यात, आणि त्यातही एकाच जोडप्यापाशी जाऊन पोहोचतात, ही गंमत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

तान्हा पोळा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ च्या सुमारास सुरू केला, असे नागपूरची परंपरा सांगते. खऱ्या बैलाजवळ जायला लहान मूल भिते. त्याला त्याच्या उंचीचा, त्याच्या मालकीचा बैल द्यावा, म्हणजे त्या जनावराविषयी माया आपोआप उपजेल, असा त्यामागचा विचार सांगतात. परंपरेने दिलेले साल खरे धरले, तर त्याला एक करुण किनार आहे. १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने याच रघूजींना वर्धा नदीच्या पश्चिमेचा सारा मुलूख सोडावा लागला होता. आपल्या यवतमाळची काळी कपाशीची जमीन त्यातच गेली व निजामाच्या पदरी पडली. सण मात्र तहाच्या कलमांत बसत नाहीत. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर लाकडी बैल आजही चालतो.

रघूजी १८१६ साली वारले. त्यांच्या मागे गादीवर आलेला पारसोजी अधू होता, आणि कारभार कोणी पाहावा यावरून दोन पक्ष पडले. एका बाजूला रघूजींची राणी बाकाबाई, दुसऱ्या बाजूला पुतण्या आप्पासाहेब. आप्पासाहेबांची सरशी झाली आणि १८१७ च्या प्रारंभी पारसोजी मेलेला आढळला. संशय कोणावर गेला, ते सांगायला नको. त्याच वर्षी २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेबांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. पुढच्या वर्षी आप्पासाहेब कैद झाले. त्यांच्या मदतीची आशा धरून बाजीराव पेशवा पूर्वेकडे येत होता. १७ एप्रिल १८१८ रोजी कर्नल अ‍ॅडम्सने त्याला आपल्याच जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळच्या शिवणीला गाठून त्याची दाणादाण उडवली. मराठी राज्याच्या अखेरच्या धावपळीतला हा प्रसंग आपल्या शाळांतून यापेक्षा अधिक सांगितला जायला हवा, असे मला वाटते.

नागपुरास रघूजींचा दौहित्र तिसरा रघूजी या नावाने गादीवर बसला. सत्ता रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती आणि पोराची देखभाल बाकाबाईकडे. तिसरे रघूजी १८५३ साली औरस पुत्राविना वारले, आणि १८५४ त डलहौसीने राज्यच खालसा केले. तरीही १८५७ च्या धामधुमीत पंचाहत्तरीच्या घरातल्या या बाईने आपले सारे वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. उठावात सामील व्हाल तर खबरदार, असे आप्तांना बजावले. घराण्याला पुढे देऊरच्या राजा बहादुराचा किताब मिळाला. लोकांनी तिला दिले ते निराळेच.

नागपूरच्या इतवारीतून १८८१ पासून काळ्या मारबतीची मिरवणूक निघते. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद नि कापड, वर काळा रंग आणि भयंकर चेहरा. ही बाकाबाई, असे लोक म्हणतात. तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासूनची. ती मात्र रक्षण करणारी मानली जाते, आणि आया तान्ह्या मुलांना तिच्या पायांशी नेतात. सोबत बडगे असतात. त्या त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्याचे सोंग! शेवटी सारे आगीत.

इंग्लंडात १६०५ च्या कटाच्या आठवणीने ५ नोव्हेंबरला गाय फॉक्सचा पुतळा जाळतात, तोच हा प्रकार. पण फॉक्स दारूच्या पिंपांजवळ रंगेहाथ सापडला होता. बाकाबाईचे प्रकरण तितके सरळ नाही. पुतळा पहिल्यांदा निघाला तेव्हा तिला मरून वीसहून अधिक वर्षे लोटली होती. आप्पासाहेबांविषयी तिच्या मनात जो दंश होता, त्याला पारसोजीच्या मृत्यूचे कारण होते. आणि सत्तावन्नात तिच्याजवळ फौज नव्हती, राज्य नव्हते. होते ते एक खचलेले घर. तिने केले ते योग्य होते असे मी म्हणणार नाही. परंतु खोकल्या-तापाच्या जोडीने जाळण्याइतकी ती एकटीच दोषी होती काय? रेसिडेंट जेन्किन्सची मारबत कोणी काढली नाही, डलहौसीचीही नाही. परक्यावरचा राग बांबूवर चढत नाही, घरच्या माणसावरचा चटकन चढतो.

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत या मारबतीला बहुधा चेहराच नसतो. पळसाची फांदी हीच मारबत. ती शिवेबाहेर टाकणाऱ्या पोराला बाकाबाई कोण ते ठाऊक नसते. ते घरी येते, पाय धुते आणि कोपऱ्यातल्या लाकडी बैलाच्या शिंगांना आईकडून बेगड चिकटवून घेते.