एकाच दिवशी सगळंच उलटं का होतं? 'सकाळी कोणाचं तोंड पाहिलं होतं' या प्रश्नाचं खरं उत्तर

सकाळी लाईन नाही, म्हणून मोटर नाही, म्हणून पाणी नाही. आंघोळीला उशीर. घाईघाईत शर्टाचं बटण तुटतं. गाडी काढावी तर मागचं चाक बसलेलं. पंक्चरवाल्याला द्यायला सुट्टे नाहीत आणि यूपीआय करावं तर नेटवर्क नाही. कसंबसं ऑफिस गाठावं, तर दुपारी डबा उघडताना कळतं की भाजीचं अर्धं तेल बॅगेतल्या कागदांनी पिऊन टाकलंय.

असा दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतो. आणि तो आला की घरात कोणीतरी हमखास विचारतं, "आज सकाळी उठून कोणाचं तोंड पाहिलं होतं?" यवतमाळकडे हेच वऱ्हाडी ठसक्यात येतं: "काऊन गा, सकायी कोनाचं तोंड पायलं होतं?"

प्रश्न गमतीने विचारला जातो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे या सगळ्याला कोणीतरी एक जबाबदार आहे. खरंच तसं असतं का? यावर बऱ्याच लोकांनी गांभीर्याने डोकं लावलं आहे, आणि त्यातल्या एकाची गोष्ट तर सुरूच होते एका फुटलेल्या कॉफीच्या भांड्यापासून.

अणुभट्टी आणि कॉफीचं भांडं

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड इथल्या अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. चार्ल्स पेरो नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आणि १९८४ मध्ये 'नॉर्मल अ‍ॅक्सिडेंट्स' हे पुस्तक लिहिलं. अपघातांच्या अभ्यासात आजही त्याचं नाव घेतलं जातं.

गंमत म्हणजे, पेरो अणुभट्टी समजावून सांगायला सुरुवात करतात ती एका माणसाच्या खराब दिवसापासून. त्या दिवशी त्याची नोकरीची मुलाखत आहे. घरातलं कोणीतरी कॉफीचं काचेचं भांडं शेगडीवर विसरून गेलंय, पाणी आटून भांडं तडकलंय. मग जुनं भांडं शोधा, कॉफी करा, यात वेळ जातो. घाईत तो दार ओढून घेतो आणि गाडीपाशी गेल्यावर लक्षात येतं की गाडीची आणि घराची, दोन्ही किल्ल्या आतच राहिल्या. अशा वेळेसाठी बाहेर एक जादा किल्ली ठेवलेली असते, पण ती नेमकी एका मित्राला दिलेली. शेजारच्या आजोबांची गाडी मागावी, तर ती गेल्या आठवड्यातच बिघडलेली. बसने जावं, तर बस बंद. टॅक्सी करावी, तर बस बंद असल्यामुळे सगळं गाव टॅक्सीच्या मागे. मुलाखत हुकते.

आता पेरो विचारतात, याचं मूळ कारण काय? माणसाचा विसरभोळेपणा? भांड्याचा दर्जा? बससेवा? आपण यातलं काहीतरी एक निवडतोच. पेरोंचं उत्तर वेगळं आहे. यातली प्रत्येक चूक एकेकटी अगदी किरकोळ होती आणि प्रत्येकीवर उपाय तयार होता. किल्ली विसरली तर दुसरी किल्ली, गाडी नाही तर शेजाऱ्याची, तीही नाही तर बस, बस नाही तर टॅक्सी. पण हे उपाय एकाच वेळी निकामी झाले, आणि त्यातले दोन तर एकमेकांना बांधलेलेच होते. बस बंद पडली तेव्हाच टॅक्सीही हातची गेली होती.

म्हणजे दोष एखाद्या वस्तूत किंवा माणसात शोधून सापडत नाही. तो या गोष्टी एकमेकींना किती घट्ट बांधल्या आहेत, यात असतो.

हाच दिवस घाटंजी तालुक्यात

समजा, घाटंजी तालुक्यातल्या एका गावातली मुलगी आहे. जूनचा महिना, प्रवेशाचा शेवटचा दिवस, आणि तिला यवतमाळला जाऊन अर्ज पूर्ण करायचा आहे. रात्री वादळी पाऊस झाला आणि लाईन गेली. फोन चार्ज झाला नाही, म्हणून पहाटेचा अलार्म वाजला नाही. सकाळची एसटी चुकली. भावाच्या गाडीत पेट्रोल नाही. पुढच्या बसने पोचेपर्यंत दुपार झाली. अर्जात उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो लागतो, तो फोनमध्ये आहे आणि फोन बंद. कोणाचा तरी चार्जर मागून फोन सुरू केला, तर ओटीपी जातोय बाबांच्या नंबरवर आणि बाबा पेरणीसाठी वावरात, जिथे रेंजच नाही.

इथे नीट पाहिलं तर खरा घोटाळा फोनचा आहे. पूर्वी गजराचं घड्याळ वेगळं होतं, पैशाचं पाकीट वेगळं, कागदपत्रांची फाईल वेगळी, टॉर्च वेगळा. एक बंद पडलं तरी बाकीचं चालायचं. आज हे सगळं एकाच बॅटरीवर आहे. ती संपली की पाच वस्तू एकदम संपतात, आणि आपल्याला वाटतं आज पाच वेळा नशीब फुटलं. फुटलं ते एकदाच.

शकुंतला रेल्वे आठवणाऱ्यांना याची उलटी बाजू माहीत असेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर या शंभरावर किलोमीटरच्या नॅरोगेज प्रवासाला ती इतके तास घ्यायची, की तिच्यात बसणारा माणूस तासाभराच्या हिशेबाने पुढचं काम ठरवायचाच नाही. उशीर गृहीतच असायचा, त्यामुळे उशिराने बिघडण्यासारखं फारसं काही उरायचं नाही. वेळेवर धावणाऱ्या जगात हे हास्यास्पद वाटेल, पण मधली मोकळी जागा म्हणतात ती हीच.

'जे बिघडू शकतं ते बिघडणारच' हा मर्फीचा नियमही लोक नशिबाला दोष द्यायला वापरतात. तो जन्मला १९४९ च्या सुमारास अमेरिकेच्या एडवर्ड्स हवाई तळावर. रॉकेटच्या जोरावर धावणाऱ्या गाडीवरच्या एका चाचणीत मोजमापाची उपकरणं उलटी जोडली गेली आणि कॅप्टन एडवर्ड मर्फी वैतागले. त्यांच्या वैतागाचा रोख नशिबावर नव्हताच. एखादी गोष्ट दोन प्रकारे जोडता येत असेल आणि त्यातला एक प्रकार चुकीचा असेल, तर कोणीतरी कधीतरी तसं जोडणारच, तेव्हा वस्तूच अशी बनवा की ती उलटी लागणार नाही, असा त्यातून घ्यायचा धडा आहे.

तुरीचे ३० दाणे

पण काही वेळा चुकांचा एकमेकींशी काहीच संबंध नसतो. बटण तुटण्याचा आणि चाक पंक्चर होण्याचा काय संबंध? तरीही त्या एकाच दिवशी का येतात?

यासाठी घरी एक प्रयोग करून पाहा. ३० दिवसांच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान जमिनीवर पसरा आणि तुरीचे ३० दाणे एकेक करून, न बघता, त्यावर टाका. चौकटीबाहेर गेलेला दाणा पुन्हा टाका. आपल्याला वाटतं, ३० दिवस आणि ३० दाणे, म्हणजे साधारण प्रत्येक चौकटीत एक पडेल. तसं होत नाही. गणित सांगतं की सरासरी ११ चौकटी पूर्ण रिकाम्या राहतील, ११ मध्ये एक दाणा असेल, पाच-सहांमध्ये दोन, आणि दोनेक चौकटींमध्ये तीन किंवा त्याहून जास्त दाणे गोळा होतील.

दाणा म्हणजे एक किरकोळ अडचण धरली, तर महिन्यातून दोनेक दिवस तिहेरी फटक्याचे निघणारच. त्यासाठी ग्रह लागत नाहीत, मांजर आडवं जावं लागत नाही. आणि जे ११ दिवस कोरे गेले, त्यांच्याबद्दल कोणी विचारतं का, की आज कोणाचं तोंड पाहिलं होतं?

साडेसातीचा हिशेबही इथेच करून टाकू. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. साडेसाती मोजतात ती आपली रास, तिच्या मागची आणि पुढची अशा तीन राशींची. म्हणजे कुठल्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती सुरूच असते. यवतमाळच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या प्रत्येक चार माणसांमागे एकाला, ढोबळमानाने. ज्याचा दिवस खराब गेला त्याला कारण सापडतं, आणि ज्याचा चांगला गेला तो पत्रिका काढायला जात नाही.

एक चूक दुसरीला जन्म देते तेव्हा

आता जरा अवघड भाग. सगळ्यांच्या वाट्याला सारखेच दाणे पडत नाहीत.

तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या शेतकऱ्यांच्या हातात वर्षाचा मुख्य पैसा येतो तो ऊस तुटल्यावर. संशोधकांनी त्याच माणसांच्या तर्काच्या आणि लक्ष देण्याच्या चाचण्या तोडणीच्या आधी आणि नंतर घेतल्या. तोडणीच्या आधी, हात तंग असताना, त्यांचे निकाल स्पष्टपणे कमी आले. माणूस तोच, बुद्धी तीच. पैशाची चिंता डोक्याचा मोठा भाग अडवून बसली होती, आणि उरलेल्या भागावर बाकीची कामं चालली होती.

यवतमाळ जिल्ह्याला हे वेगळं समजवायला नको. इथे कापूस जूनमध्ये पेरला जातो आणि वेचणी सुरू होते दिवाळीच्या आसपास. मधले चार-पाच महिने बियाणं, खत, फवारणी, शाळेची पुस्तकं, सगळं उसनवारीवर. या दिवसांत किल्ली हरवणं, कागद विसरणं, हप्त्याची तारीख चुकणं वाढलं, तर 'तुझं लक्ष कुठे असतं' असं ओरडण्याआधी थांबायला हवं. लक्ष कुठे असतं ते घरात सगळ्यांना माहीत असतं.

शिवाय, ज्याच्याकडे मोकळी जागा नाही त्याची किरकोळ चूक किरकोळ राहत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला तेव्हा यवतमाळ शहरात कित्येक दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येत होतं. एरवी नळाच्या वेळी घरी नसलो तर उद्या भरता येतं. तेव्हा मात्र तो एक तास चुकला की पुढचे कितीतरी दिवस टँकरच्या मागे. टाकी असलेल्या घराला जी गैरसोय होती, ती टाकी नसलेल्या घरात मजुरी बुडवणारी आपत्ती होती.

या बारीकसारीक कटकटी अंगावरही निघतात. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १०० मध्यमवयीन लोकांचा कित्येक महिने पाठपुरावा केला होता. वस्तू हरवणं, महागाई, हातात फार कामं असणं अशा ११७ कटकटींची यादी त्यांनी केली होती. निष्कर्ष अनपेक्षित होता. मनाच्या तक्रारींचा अंदाज आयुष्यातल्या मोठ्या घटनांपेक्षा या रोजच्या कटकटींवरून जास्त चांगला बांधता आला. मोठ्या दुःखात चार माणसं भेटायला येतात. डबा सांडला म्हणून कोणी येत नाही.

आणि मग 'कोणाचं तोंड' याचं उत्तर सापडतं

थकलेल्या घराला कारण हवं असतं. पूर्वापार सोय अशी की त्यासाठी घरातलंच किंवा गल्लीतलं सगळ्यात कमी ताकदीचं माणूस पुढे केलं जातं. नव्या सुनेला 'पांढऱ्या पायाची' म्हणायचं. कामाला निघताना विधवा बाई समोर आली तर परत फिरायचं. म्हैस आटली, पोरगं आजारी पडलं, इंजिन जळालं की शेजारच्या म्हातारीने काहीतरी केलं म्हणायचं. तुरीच्या दाण्यांनी केलेल्या कामाचा दोष अशा एखाद्या बाईच्या कपाळी कायमचा चिकटतो.

कळंबच्या चिंतामणीला लोक जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जातात आणि आपली चिंता तिथे सांगतात. त्याने कोणाचं वाईट होत नाही. चिंतेचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं जातं तिथे प्रश्न बदलतो, आणि महाराष्ट्रात तो कायद्याचा प्रश्न आहे.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर आधी अध्यादेश आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला, ज्याला आपण जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. लोकांना त्यातला नरबळीचा आणि भोंदूबाबांचा भाग माहीत असतो. पण त्याच्या अनुसूचीत हेही आहे: एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते, तिच्यामुळे इतरांवर संकट येतं किंवा रोगराई पसरते, असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं.

सहज तोंडातून निघालेला एक टोमणा यात बसेलच असं नाही. पण तेच तेच बोलून एखादीला वाळीत टाकलं, पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, मारहाण केली, तर गोष्ट वेगळी होते. या कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते.