स्मिथ, श्मिट आणि फेरेरा

इंग्लंडमध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव कोणते? स्मिथ. स्मिथ म्हणजे धातुकाम करणारा, मुख्यतः लोहार. मग मध्ययुगात इंग्लंडात एवढे लोहार होते का? मुळीच नव्हते. बहुतेक लोक शेतीच करीत, त्यामुळे ‘शेतकरी जॉन’ म्हटल्याने कोणता जॉन ते कळत नसे. लोहार मात्र गावात एखादाच. ‘लोहार जॉन’ म्हटले की ओळख पटे. १३-१४व्या शतकांत अशी विशेषणे वंशपरंपरेने चालू लागली आणि गावोगावच्या एकेका लोहारामुळे हे आडनाव देशभर झाले. माझ्या मते स्मिथचे खरे रहस्य हेच आहे.

हा लोहार युरोपात सगळीकडे भेटतो. जर्मनीत तो श्मिट, पोलंडमध्ये कोवाल्स्की, रशियात कुझनेत्सोव, हंगेरीत कोवाच. हंगेरियन भाषा स्लाव्ह कुळातली नाही, पण ‘कोवाच’ हा शब्द तिने स्लाव्ह शेजाऱ्यांकडूनच घेतला. लॅटिनमध्ये लोखंडाला ‘फेरुम’ म्हणत, त्यावरून इटलीतले फेरारी आले. म्हणजे त्या वेगवान मोटारीवरही लोहाराचेच नाव आहे! फ्रान्समधले लफेव्र हे आडनाव कारागीर या अर्थाच्या ‘फाबेर’ या लॅटिन शब्दापासून आले. आजच्या फ्रेंचमध्ये लोहाराला वेगळा शब्द आहे. जुना शब्द बोलण्यातून गेला, आडनावात मात्र टिकला.

पण आडनावाचा अर्थ कळला म्हणजे घराण्याचा इतिहास कळला, असे समजू नये. पोर्तुगीज ‘फेरेरा’ हे लोखंडाची खाण किंवा भट्टी असलेल्या ठिकाणावरून आलेले आडनाव. आपल्या गोव्यातही फेरेरा आहेत. मात्र १६व्या शतकापासून तिथे धर्मांतराच्या वेळी पोर्तुगीज आडनावे दिली गेली, ती बहुधा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीची किंवा धर्मपित्याची. तेव्हा गोव्यातल्या फेरेरांच्या पूर्वजांचा लोखंडाशी संबंध असेलच असे नाही. त्यांचे मूळ आडनाव या नव्या नावाखाली झाकले गेले.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले, तेव्हा ब्रिटनमध्ये जर्मन नाव असणे धोक्याचे ठरले. अनेक श्मिट स्मिथ झाले. खुद्द राजे पाचवे जॉर्ज यांनी १९१७ मध्ये आपल्या घराण्याचे जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतले. श्मिटचा स्मिथ होताना अर्थ तोच राहिला, पण ते कुटुंब कुठून आले याची खूण पुसली गेली. म्हणून आडनावाचा अर्थ शोधताना ते नाव कुणी, केव्हा आणि कशासाठी घेतले किंवा दिले, हेही विचारायला हवे.

(संपादित नभोवाणी भाषण)