चेक भाषेतलं ‘मला’

प्रागमध्ये थंडी वाजली तर म्हणायचं, ‘ये मि झिमा’. यातलं ‘मि’ म्हणजे ‘मी’ नाही बरं का, ‘मला’! आपली चतुर्थी, त्यांची तिसरी विभक्ती. प्रश्न तोच: ‘कोमु?’, म्हणजे ‘कोणाला?’

ही विभक्ती पुस्तकात नीट बसली, त्याची गोष्ट भारी आहे. १७८४ मध्ये प्राग विद्यापीठात जर्मनमधून शिकवणं सुरू झालं. चेक उरली मुख्यतः साध्या लोकांच्या घरात. १८०९ मध्ये योसेफ दोब्रोव्स्कींनी तिचं सविस्तर व्याकरण लिहिलं, तेही जर्मनमध्ये! चेक पुन्हा विद्वानांची भाषा होईल, अशी त्यांनाच फारशी आशा नव्हती. पण पुढच्या पिढीने त्याच व्याकरणाच्या आधारे तिच्यात पुस्तकं लिहिली.

विभक्तीचे तक्ते पाठ करताना कंटाळलात, तर हे आठवा.