भोंगा कोणाचा? : औद्योगिक आणि गोंगाट-संगीताची मुळे व अर्थ

‘इंडस्ट्रियल म्युझिक’ या संज्ञेचा ‘औद्योगिक संगीत’ हा मराठी पर्याय सरळ आहे, पण फसवा आहे. कामगारांनी कारखान्यात गायिलेले किंवा त्यांच्यासाठी रचलेले हे संगीत असावे, असा समज त्यातून होतो. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये ज्या संगीताला हे नाव मिळाले ते कारखान्यात जन्मले नव्हते. आणि ते घडवणारे बहुतांशी कलाप्रयोग, रंगमंचीय सादरीकरणे व घरगुती ध्वनिफितींचे खेळ या वाटांनी आलेले होते. या संगीताचा इतिहास सामान्यतः ‘गोंगाटाची मुक्ती’ या सूत्रात सांगितला जातो. स्वरांच्या मक्तेदारीतून संगीत सुटले आणि जगातला कोणताही आवाज संगीताला वर्ज्य राहिला नाही, अशी ती कथा आहे. ही कथा खोटी नाही. परंतु ती सांगताना एक प्रश्न बाजूला पडतो. यंत्राचा आवाज ऐकणे ज्यांना टाळता येत नव्हते आणि ज्यांनी तो हौसेने ऐकला, ती माणसे एकच होती काय? प्रस्तुत लेखात या इतिहासाकडे त्या प्रश्नाच्या अंगाने पाहावयाचे आहे.

१८८६ मध्ये ग्लासगो येथील कानांचे डॉक्टर टॉमस बार यांनी बॉयलर बांधणाऱ्या कामगारांच्या श्रवणशक्तीची पाहणी प्रसिद्ध केली. तुलनेसाठी त्यांनी ओतकाम करणारे कामगार आणि पोस्टमन हे दोन गट निवडले होते. लोखंडी पत्र्यांत रिव्हेटा ठोकणारे, विशेषतः पोकळ बॉयलरच्या आत शिरून आधार धरणारे कामगार सर्वांत अधिक बहिरे झालेले आढळले. या व्याधीला इंग्रजीत त्या धंद्याचेच नाव मिळाले होते. यंत्रयुगाच्या आवाजाचा पहिला श्रोता हा असा होता, आणि त्या आवाजाने त्याचे ऐकणेच हिरावून घेतले होते.

त्याच शतकात विज्ञानाने नाद आणि गोंगाट यांच्यात सीमारेषा आखली. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मधील आपल्या ग्रंथात आवर्ती कंपनांतून नाद आणि अनियमित कंपनांतून गोंगाट असा भेद मांडला. आपल्याकडील विचार वेगळ्या दिशेने गेला होता. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने आहत आणि अनाहत असे नादाचे दोन प्रकार सांगितले आणि आहत नाद संगीताला उपयुक्त मानला, तो रंजक असतो म्हणून. केवळ ‘आहत’ या शब्दाचा विचार केला तर पोलादी पत्र्यावरील हातोड्याचा घावही त्यात बसेल. अडचण येते ती रंजकत्वाची. युरोपातील गोंगाटवाद्यांनी हेल्महोल्ट्झची सीमारेषा पुसण्याचा प्रयत्न केला, तर पुढील औद्योगिक संगीताने रंजकत्वाची अटच नाकारली. या दोन गोष्टी एक नव्हेत.

पहिल्या प्रयत्नाचा प्रवर्तक म्हणून लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराचे नाव घेतले जाते. संगीतकार प्रातेल्ला यांना उद्देशून ११ मार्च १९१३ रोजी त्याने लिहिलेले ‘गोंगाटांची कला’ हे पत्र म्हणजे फ्युचरिस्ट चळवळीचा संगीतविषयक जाहीरनामाच होय. प्राचीन जीवन निःशब्द होते. एकोणिसाव्या शतकात यंत्राबरोबर गोंगाट जन्मला आणि आता तो माणसाच्या संवेदनेवर राज्य करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याने गोंगाटाची सहा कुळे पाडली. गडगडाट व स्फोट, शिट्ट्या व फूत्कार, कुजबुज व गुळगुळ, किंचाळ्या व करकर, धातू-लाकूड-दगडांवरील आघात आणि शेवटी प्राण्यांचे व माणसांचे आवाज. (अनुकरणवाचक शब्दांनी समृद्ध असलेल्या मराठीत ही यादी मूळ इटालियनपेक्षा उणी पडू नये!) या आवाजांसाठी त्याने ‘इंतोनारुमोरी’ नावाची वाद्ये तयार केली. लाकडी पेटी, पुढे कर्णा, बाजूला फिरवावयाची मूठ, आत चाकाने घासली जाणारी तार आणि त्या तारेचा ताण कमीअधिक करणारा दांडा, अशी त्यांची साधारण रचना होती. म्हणजे गोंगाटालाही उंची-नीचता देऊन तो स्वरासारखा हाताळता यावा, हा हेतू होता. २१ एप्रिल १९१४ रोजी मिलानच्या दाल व्हेर्मे नाट्यगृहात या वाद्यांचा प्रयोग झाला तेव्हा प्रेक्षक आणि फ्युचरिस्ट यांच्यात हातघाईची मारामारी झाली.

येथवरची हकीकत प्रसिद्ध आहे. मात्र रुसोलोच्या पत्रातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. एड्रियानोपलच्या वेढ्यातून मारिनेत्तीने पाठवलेले तोफांच्या आवाजाचे वर्णन त्याने त्या पत्रात मोठ्या कौतुकाने उद्धृत केले आहे. कारखाना आणि रणांगण ही त्याच्या दृष्टीने एकाच वाद्यवृंदाची दोन दालने होती. १९१६ मध्ये याच विषयावर काढलेल्या पुस्तकात त्याने युद्धातील आवाजांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि १९१७ मध्ये त्याच युद्धात त्याच्या डोक्याला गंभीर जखम झाली. त्याची वाद्ये पुढे नष्ट झाली. गोंगाटाला संगीताचे दार उघडून देण्याचे श्रेय त्याचे आहेच. पण तो गोंगाट त्याने प्रेक्षागृहातून ऐकला, बॉयलरच्या आतून नव्हे, हेही नोंदवणे प्राप्त आहे.

आतून ऐकणाऱ्यांच्या हाती आवाज देण्याचा भव्य प्रयत्न बाकू येथे झाला. ७ नोव्हेंबर १९२२ रोजी, ऑक्टोबर क्रांतीच्या पाचव्या वर्धापनदिनी, आर्सेनी आव्रामोव्ह याने तेलाच्या त्या शहरात ‘भोंग्यांची सिंफनी’ सादर केली. कारखान्यांचे भोंगे, कास्पियन आरमाराच्या जहाजांची कर्णे, तोफा, विमाने, आगगाडीच्या इंजिनाच्या शिट्ट्या आणि गर्दीचे गायन यांचा तो मेळ होता, आणि उंचावरून निशाणे दाखवून त्याचे संचालन केले गेले. भोंगा म्हणजे काय हे गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. पाळी सुरू झाली, पाळी संपली, हे सांगणारा तो मालकाचा आवाज असतो. बाकूत हा आवाज मालकाकडून काढून कामगारांच्या उत्सवाला दिला गेला, ही त्या प्रयोगाची खरी महत्ता. मात्र मालक गेला तरी संचालकाचे निशाण राहिलेच. भोंग्यांची काव्ये लिहिणारा कामगार-कवी अलेक्सेई गास्तेव्ह याच सुमारास मॉस्कोत श्रमसंस्था चालवून कामगाराच्या प्रत्येक हालचालीचे मोजमाप करीत होता, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी मॉस्कोत केलेल्या प्रयोगाला बाकूचे यश लाभले नाही.

यानंतरच्या तीन दशकांत व्हारेझच्या ‘आयोनिझासियाँ’ने तालवाद्यांच्या सभेत भोंग्याला जागा दिली आणि जॉन केजने १९५२ मध्ये वादकाला गप्प बसवून सभागृहातील आवाजच श्रोत्यांपुढे ठेवले. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो पिएर शेफर. पॅरिसच्या नभोवाणीवरील या अभियंत्याने १९४८ मध्ये बातिन्योल येथे इंजिनांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, तबकड्यांवर त्यांचे तुकडे पाडून ते पुन्हा जुळवले आणि ‘रेल्वे-अभ्यास’ ही सुमारे तीन मिनिटांची रचना त्या वर्षीच्या ऑक्टोबरात प्रसारित केली. आवाजाला त्याच्या कारणापासून तोडावयाचे, ‘ही आगगाडी आहे’ हे श्रोत्याने विसरावे, हा त्याचा आग्रह होता. आगगाडी मात्र काही केल्या विसरली जात नाही, आणि माझ्या मते या रचनेचे मोठेपण या अपयशातच आहे. येथून गोंगाट वाहून नेता येऊ लागला. त्यासाठी शंभर जहाजे जमवण्याची गरज उरली नाही. एक ध्वनिफीत पुरेशी झाली.

कारखान्यात गोंगाटाचे संगीत करावे असे काही कलावंतांना वाटत असताना कारखान्यांनी दुसऱ्या बाजूने संगीतालाच कामाला लावले होते. बी.बी.सी.ने जून १९४० पासून ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला, तो १९६७ पर्यंत चालला. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कर्ण्यांवरून हलकीफुलकी, सम लयीची धून लावली म्हणजे कंटाळा कमी होतो आणि उत्पादन वाढते, हा त्यामागील हिशेब होता. यंत्रांच्या वर ऐकू यावे म्हणून संगीताची जडणघडणही त्यानुसार ठरवली जाई. अमेरिकेतील म्युझॅक कंपनीने तर पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत हळूहळू उत्तेजना वाढवीत नेणारी पद्धतच विकावयास काढली होती. म्हणजे ‘औद्योगिक संगीत’ नावाची वस्तू त्या नावाच्या चळवळीपूर्वीच अस्तित्वात होती, आणि ती अत्यंत गोड होती.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे थ्रॉबिंग ग्रिसल या मंडळीने नेमके काय केले ते उमगते. हल येथील ‘कूम ट्रान्समिशन्स’ या सादरीकरण-गटातून आलेले जेनेसिस पी-ऑरिज आणि कोझी फॅनी टुटी, त्यांना मिळालेले पीटर क्रिस्टोफरसन व क्रिस कार्टर, असे हे चौघे १९७५ मध्ये एकत्र आले. ऑक्टोबर १९७६ मध्ये लंडनच्या समकालीन कला संस्थेत भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनावरून पार्लमेंटपर्यंत गदारोळ झाला. त्याच वर्षी त्यांनी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही संस्था स्थापली. हे नाव दुधारी होते. एक तर गाणी ही मोटारीप्रमाणे साच्यातून काढली जाणारी वस्तू आहे, हे त्यांना उघड करावयाचे होते. त्यांच्या १९७७ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘दुसरा वार्षिक अहवाल’ होते, वेष्टन कचेरीतील फाइलीसारखे कोरे पांढरे होते आणि पहिल्या खेपेस ७८५ प्रती काढण्यात आल्या. दुसरे असे की, कार्टरने स्वतः जुळवलेली विद्युत्-उपकरणे, विकृत केलेले गिटार व कॉर्नेट आणि फितींवरील संभाषणे यांतून निघणारा गोंगाट म्हणजे म्युझॅकचे नेमके उलटे रूप होते. ऐकणाऱ्याला शांत करून कामाला लावण्याऐवजी त्याला अस्वस्थ करून थांबवणे, हे त्याचे कार्य होते. फितीचे तुकडे करून सत्तेच्या भाषेचा डाव उधळता येतो, ही विल्यम बरोज यांची कल्पना त्यांना प्रमाण होती. १९८१ मध्ये त्यांनी बरोज यांच्या जुन्या ध्वनिफितींची मुद्रिकाही काढली.

तथापि एका बाबतीत या मंडळीविषयी निःशंक राहता येत नाही. ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’चे बोधचिन्ह म्हणून त्यांनी आउश्वित्झच्या छळछावणीचे छायाचित्र वापरले, आणि आपल्या तळघरातील स्टुडिओला ‘मृत्यूचा कारखाना’ असे नाव दिले. उद्योगाचा अंतिम तर्क म्हणजे माणसे मारण्याचा उद्योग, हे विधान खरे आहे आणि ते करण्याचे धाडसही मोठे आहे. पण चिन्ह रोज वापरले की ते विधान राहत नाही, ते सजावट होते. पुढे अनेक अनुकरणकर्त्यांनी गणवेश आणि छळछावण्यांची चित्रे केवळ धक्क्याच्या चलनासारखी खर्च केली. याउलट युगोस्लाव्हियातील त्रबोव्ल्ये या कोळशाच्या खाणींच्या गावात १९८० मध्ये स्थापन झालेल्या लायबाख या मंडळीने हुकूमशाहीचा आवेश इतक्या गंभीरपणे धारण केला की राज्यकर्त्यांना त्यात आपला चेहरा दिसला, आणि लुब्लियानात त्यांच्या नावावर १९८३ पासून काही वर्षे बंदी आली. नगराचे जर्मन आमदानीतील नाव घेणे हाच मुळात घाव होता.

शेफिल्डची गोष्ट निराळी. झुरिकमधील दादावाद्यांच्या अड्ड्याचे नाव घेऊन १९७३ मध्ये रिचर्ड कर्क, स्टीफन मॅलिंडर आणि क्रिस वॉटसन यांनी तेथे कॅबरे व्होल्टेअर सुरू केले, ते वॉटसनच्या घराच्या माळ्यावर टेपरेकॉर्डर घेऊन. शेफिल्ड हे पोलादाचे शहर. रात्री डॉन नदीच्या खोऱ्यातून येणारे घणांचे ठोके त्या पिढीतील संगीतकारांच्या आठवणींत वारंवार भेटतात. येथे कारखाना हा जाहीरनाम्याचा विषय नव्हता, तो झोपेत शिरलेला ताल होता. आणि हा ताल संगीतात उतरत असतानाच प्रत्यक्षात तो मंदावू लागला. जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनच्या पोलाद कामगारांचा तेरा आठवड्यांचा संप झाला; पाठोपाठ भट्ट्या विझत गेल्या. रुसोलोने येणाऱ्या यंत्राचे स्वागत केले होते. शेफिल्डकरांनी त्याची पाठमोरी चाल ध्वनिमुद्रित केली.

१९८४ या एका वर्षात ही दोन्ही टोके समोरासमोर दिसतात. ३ जानेवारी रोजी लंडनच्या त्याच समकालीन कला संस्थेत पश्चिम बर्लिनच्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या मंडळीच्या सदस्यांनी आवाज आणि यंत्रे यांच्यासाठी ‘कॉन्चेर्टो’ मांडला. काँक्रीट मिक्सर, करवती आणि ड्रिल घेऊन रंगमंचच फोडण्यास सुरुवात झाली आणि व्यवस्थापनाला प्रयोग थांबवावा लागला. त्यानंतर दोनच महिन्यांनी कोळसा खाणींतील कामगारांचा वर्षभर चाललेला संप सुरू झाला. टेस्ट डिपार्टमेंट या लंडनच्या गटाने भंगारातून उचललेल्या लोखंडावर तालवादन करीत दक्षिण वेल्समधील संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदासह कार्यक्रम केले, आणि दोघांची संयुक्त मुद्रिका काढली. वेल्सच्या खाणकामगारांची स्तोत्रगायनाची परंपरा जुनी. ती आणि हा लोखंडी गोंगाट एका तबकडीवर शेजारी आले. ते नेहमीच जुळतात असे नाही. पण औद्योगिक संगीताच्या इतिहासात उद्योगातील माणसाला स्वतःच्या आवाजात गाण्यास जागा देणारा हा प्रसंग मला ड्रिलच्या प्रसंगापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

जपानमध्ये मासामी आकिता याने १९७९ पासून ‘मेर्झबो’ या नावाने केलेल्या रचनांत गोंगाटाचा कारखान्याशी असलेला धागा जवळजवळ तुटतो. तेथे गोंगाट कशाचाही निर्देश करीत नाही, तो स्वतःच द्रव्य होतो. त्या परंपरेचा विचार स्वतंत्रपणेच व्हावयास हवा.

शेफिल्डमधील हॅडफील्ड्स पोलाद कारखाना १९८३ मध्ये बंद झाला. त्या जागेवर १९९० मध्ये मेडोहॉल हे प्रचंड खरेदी-संकुल उघडले. क्रिस वॉटसन १९८१ मध्येच कॅबरे व्होल्टेअरमधून बाहेर पडला होता. पुढे तो बी.बी.सी.च्या निसर्गविषयक मालिकांचा ध्वनिमुद्रक म्हणून नावाजला, आणि पक्षी, हिमनद्या, गिधाडांची मेजवानी अशा आवाजांच्या त्याच्या मुद्रिका निघाल्या. २०११ मध्ये त्याने ‘एल त्रेन फांतास्मा’, म्हणजे भुताची गाडी, ही मुद्रिका प्रसिद्ध केली. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील लोस मोचिसपासून अटलांटिक बाजूच्या व्हेराक्रुझपर्यंतचा तो रेल्वे प्रवास आहे. शेफरच्या रेल्वे-अभ्यासाची आठवण मनात ठेवून तो रचलेला आहे. फरक इतकाच की येथे आगगाडी विसरावयाची नाही. मुद्रिका निघाली तेव्हा त्या मार्गावरील प्रवासी सेवा बंद झालेली होती.