एंडोरचं अरण्य कुठून आलं

‘स्टार वॉर्स’चे चाहते ‘एंडोर’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ग्रह नसतो, त्याचा चंद्र असतो. आकाश झाकून टाकणारी झाडं, कमरेएवढे नेचे आणि झाडांवर बांधलेली, इवॉक नावाच्या बुटक्या, केसाळ जमातीची वस्ती. मे १९८३मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांना हा चंद्र पहिल्यांदा दिसला. त्याची मूळ कल्पना मात्र त्याआधी नऊ वर्षांची आहे, आणि त्या वेळी त्या कल्पनेत चंद्र नव्हता की इवॉक नव्हते.

मे १९७४मध्ये जॉर्ज लुकसने ‘द स्टार वॉर्स’चा कच्चा मसुदा लिहून काढला. त्यात याविन नावाचा एक जंगली ग्रह होता आणि तिथे वुकी नावाचे धिप्पाड, केसाळ वनवासी राहत होते. यंत्रांच्या बळावर माजलेल्या साम्राज्याशी झुंजायला हेच वुकी पुढे येतात, असं ते कथानक होतं. लुकसच्या डोक्यात तेव्हा व्हिएतनाम होतं. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ हा व्हिएतनाम युद्धावरचा चित्रपट आधी तोच दिग्दर्शित करणार होता. जॉन मिलियस पटकथा लिहीत होता. तो चित्रपट पुढे फ्रान्सिस फोर्ड कोपोलाकडे गेला. पण जगातली सर्वांत सुसज्ज फौज जंगलातल्या गनिमी काव्यापुढे हतबल होते, हा विचार लुकसने सोडला नाही. तो त्याने अवकाशात नेला.

१९७७च्या पहिल्या चित्रपटात एवढा पसारा मावणारच नव्हता. वुकींची लढाई गळाली. याविन हा वायूचा महाकाय गोळा झाला आणि जंगल त्याच्या चौथ्या चंद्राकडे गेलं. त्या चंद्राची दृश्यं ग्वाटेमालातल्या तिकाल इथे, माया संस्कृतीच्या मंदिरांच्या शिखरावरून टिपली. वुकींपैकी उरला एकटा च्युबॅका, आणि तोही यानाचा सहवैमानिक आणि दुरुस्तीत तरबेज. वुकी यंत्रं हाताळतात हे एकदा प्रेक्षकांनी पाहिल्यावर त्यांना धनुष्यबाण देऊन जंगलात उभं करता येईना. म्हणून तिसऱ्या भागासाठी, म्हणजे ‘रिटर्न ऑफ द जेडाय’साठी, लुकसने नवी जमात घडवली. उंची निम्म्यावर आणली आणि वुकींचा वारसा इवॉकांना दिला. चित्रपटात ‘इवॉक’ हा शब्द कुणीच उच्चारत नाही. तो येतो शेवटच्या श्रेयनामावलीत.

एंडोरच्या चंद्राची जागाही एका फटक्यात ठरली नाही. या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीच्या मसुद्यात साम्राज्याची राजधानी, म्हणजे सबंध ग्रहभर पसरलेलं एक शहर, कथेत होती आणि हा हिरवा चंद्र तिच्याच सान्निध्यात होता. ते शहर उभं करणं तेव्हाच्या तंत्राला आणि खर्चाला परवडणारं नव्हतं, म्हणून राजधानी वगळली. राहिलं ते फक्त अरण्य. माझ्या मते ही काटछाट चित्रपटाच्या पथ्यावरच पडली. शेजारी झगमगती राजधानी असती तर इवॉकांच्या लढ्याकडे कुणाचं लक्ष गेलं असतं?

आता प्रत्यक्ष अरण्य शोधायचं होतं. ते सापडलं कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, ओरेगॉनच्या सीमेजवळ, स्मिथ रिव्हर गावाच्या परिसरात. इथले किनारी रेडवुड म्हणजे पृथ्वीवरची सर्वांत उंच झाडं; त्यांतली कित्येक झाडं शंभर मीटरच्या वर जातात. उन्हाळ्यात पाऊस नसतो तेव्हा ती पॅसिफिकवरून येणाऱ्या धुक्यावर तगतात. पडद्यावर दिसणारा तो ओलसर, गाळून आलेला प्रकाश या मुलखाचाच आहे. १९८२च्या वसंतात रिचर्ड मार्क्वांडच्या दिग्दर्शनाखाली इथे चित्रण झालं. बातमी फुटू नये आणि कुणी अव्वाच्या सव्वा दर लावू नयेत म्हणून ‘ब्लू हार्वेस्ट’ या खोट्या नावाखाली काम चाललं होतं.

या चंद्रावरचा सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे झाडांमधून सुसाट सुटलेल्या उडत्या दुचाक्यांचा पाठलाग. तो ज्या रीतीने टिपला ती मला आजही थक्क करते. चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या स्टेडीकॅम या उपकरणाचा जनक गॅरेट ब्राउन अंगावर कॅमेरा बांधून रेडवुडांमधून नुसता चालत गेला. चित्रपटाचा कॅमेरा एरवी सेकंदाला २४ चौकटी टिपतो. इथे सेकंदाला एक चौकटही पुरी होत नव्हती, पाऊण होत होती. तीच फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवली की सगळं बत्तीस पट वेगवान होतं. ताशी ५ किलोमीटरची चाल पडद्यावर ताशी १६० किलोमीटर होऊन बसते. पण मग हादराही बत्तीस पट दिसणार. चालणाऱ्याचा हात किंचित हलला तरी पडद्यावर सगळं जंगल थरथरेल. म्हणून कॅमेऱ्याला जायरोस्कोप लावले होते आणि ब्राउनला पाऊल न् पाऊल मोजून टाकावं लागलं. दुचाकीवरचे कलाकार स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे बसले होते. झाडांच्या बुंध्यांशी होणारी ती जीवघेणी जवळीक सगळी एका माणसाच्या सावकाश चालण्यातून आलेली आहे.

इवॉकांची बोली घडवली ध्वनिरचनाकार बेन बर्टने. एका माहितीपटात कानावर पडलेली काल्मिक भाषा त्याला भावली. व्होल्गाच्या मुखाजवळच्या गवताळ प्रदेशात राहणाऱ्या मंगोल वंशाच्या लोकांची ही भाषा. ती बोलणाऱ्या एका वृद्ध बाईंचं बोलणं त्याने ध्वनिमुद्रित केलं आणि त्यातून इवॉकांचे उच्चार बांधले.

इवॉकांची टवाळी खूप झाली. खेळणी विकायला आणलेली अस्वलं, असं आजही म्हटलं जातं. खेळणी विकली गेली हे खरंच. पण ती लढाई पुन्हा नीट पाहावी. दोन पायांचं पोलादी यंत्र चाल करून येतं. इवॉक दोर कापतात आणि दोन्ही बाजूंनी टांगलेले ओंडके झोक्यानिशी येऊन त्याचं डोकं चेपून टाकतात. उतारावर रचलेली लाकडं सुटतात आणि दुसऱ्या यंत्राचे पाय घसरतात. दगड, वेली, खड्डे, ओंडके: जे जंगलात आहे तेवढंच हत्यार. १९७४च्या मसुद्यातला विचार इथे शाबूत आहे, आणि म्हणूनच मला इवॉकांना गोंडस म्हणून बाजूला सारणं पटत नाही.

स्मिथ रिव्हरचा हा परिसर टोलोवा या आदिवासींचा मुलूख आहे. त्यांची वस्ती आजही तिथे आहे. चित्रणासाठी निवडलेली जमीन मात्र एका लाकूड कंपनीची होती, आणि तिथली झाडं आधीच तोडीसाठी ठरलेली होती. सुरुंग लावायला, मोर्चे उभारायला, बंकर बांधायला राखीव उद्यानापेक्षा अशी जमीन सोयीची. चित्रण आटोपलं आणि ठरल्याप्रमाणे तोड झाली. बंकरभोवतीचे ते रेडवुड आता फिल्मवर तेवढे आहेत. पाठलागाचा काही भाग जिथे टिपला ते चीथम ग्रोव्ह मात्र दक्षिणेला हम्बोल्ट काउंटीत, ग्रिझली क्रीक रेडवुड्स या राज्य उद्यानात येतं, म्हणून ते वाचलं. एंडोरचा चंद्र पाहायचा असेल तर तिथे जावं लागतं.