विमानचालकाचा पगार

विमान चालविणारा माणूस आणि भोसरीच्या वर्कशॉपात लेथ चालविणारा माणूस यांच्यात साम्य ते काय, असा प्रश्न विषयाचे नाव ऐकून पुष्कळांना पडला असेल. एकाचा पगार लाखांत, दुसऱ्याचा हजारांत. परंतु पगार किती हा एक प्रश्न, आणि तो उद्या राहील काय हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नापुढे दोघेही एकाच रांगेत उभे आहेत, असे आम्हांस वाटते.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून आपले एका इंजिनाचे विमान जुहूला उतरविले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बल्लारीवरून मद्रासला नेले. धंद्याचा आरंभ एवढा लहान होता. महायुद्ध संपले, सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली आणि हवाई कंपन्यांचे पीक आले. कंपन्या फार, उतारू थोडे. 1950 साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष समितीने सांगितले की, परवाने गरजेपेक्षा अधिक दिले गेले आहेत. अखेर 1953 साली राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत वाहतुकीसाठी आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे गेली.

पुढली चार दशके वैमानिकाला सेवाज्येष्ठतेची यादी होती, संघटना होती, करार होते. मालक मात्र सरकार हा एकच. 1994 साली ही मक्तेदारी कायद्याने संपली. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त अशा नव्या कंपन्या आल्या, आणि 1997 पर्यंत या तिन्ही नावांची विमाने आकाशातून नाहीशीही झाली.

2003 नंतर स्वस्त तिकिटांचा काळ आला. वैमानिक कमी पडू लागले, परदेशातून आणावे लागले, भाव चढला. तेव्हा सरकारने नियम केला की, नोकरी सोडण्यापूर्वी सहा महिन्यांची नोटीस द्यावी. 2017 साली कमांडरसाठी ही मुदत एक वर्षाची झाली. आता दुसरी बाजू पाहा. ऑक्टोबर 2008 मध्ये जेट एअरवेजने सुमारे एकोणीसशे कर्मचाऱ्यांना एकाएकी घरी बसविले. गवगवा झाला म्हणून दोनचार दिवसांत परत घेतले. कामगाराने जाताना वर्षभर आधी सांगावे, आणि मालकाने काढताना उद्या सांगावे, हा कोणता न्याय?

2009 साली त्याच कंपनीच्या वैमानिकांनी संघटना नोंदविली. दोघांना नोकरीवरून काढण्यात आले. सप्टेंबरात शेकडो वैमानिक एकदम आजारी पडले, आणि पाच दिवसांत काढलेले परत आले! तरीही एका गोष्टीपासून संघटना त्यांना वाचवू शकली नाही. 2012 साली किंगफिशर बंद पडली, 17 एप्रिल 2019 रोजी जेट बंद पडली. दोन्हीकडे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकले होते. कंपनीच बुडाली तर मागावे कोणाकडे?

पगाराची घडणही पाहण्यासारखी आहे. त्याचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो, म्हणजे आपल्याकडील पीस-रेटच. तास घटले की घरखर्च कोलमडतो. 2011 साली जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दहा दिवस संप केला. एअर इंडियाच्या बंधूंइतके वेतन आणि ठराविक तासांची हमी, ही त्यांची मागणी होती. 2020 च्या टाळेबंदीत विमाने जमिनीवर राहिली आणि ही हमी किती मोलाची, हे सर्वांनाच कळले.

परंतु सर्वांत कडू धडा 2012 सालचा आहे. 2007 साली दोन्ही सरकारी कंपन्या एक झाल्या होत्या. माणसे एक झाली नव्हती. नव्या ड्रीमलायनर विमानाचे शिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना का द्यावे, यावरून एअर इंडियाच्या वैमानिकांनी 58 दिवस संप केला. आपली बढती मागे पडेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण लढा पडला तो सहकाऱ्याच्या वाट्यावर. सुमारे शंभर जण बडतर्फ झाले, संघटनेची मान्यता गेली, आणि शेवटी कोर्टात कामावर जाण्याची कबुली द्यावी लागली.

चाकणला एकाच लाईनवर कायम आणि कंत्राटी कामगार शेजारी शेजारी उभे असतात. कंत्राटी कामगार कायम झाला तर आपला वाटा घटेल, असे कायम कामगाराला वाटते. त्याने या 58 दिवसांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. लाखांचा पगार असलेल्यांना जी फूट परवडली नाही, ती आपल्याला परवडेल काय?